पन्नाशीनंतरचे कपडे : आमच्याकडे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या आमच्या शिवणकामाच्या खोलीत येणाऱ्या बहुतेक ग्राहक स्त्रिया पन्नास ते पंचाहत्तर या वयातल्या आहेत, आणि माप देता देता त्या जे प्रश्न विचारतात, त्यांतले बरेचसे शिलाईचे नसतातच. ते प्रश्न आणि आम्ही त्यांना देत असलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ज्यांना केवळ कापड आणि शिलाई यांविषयी माहिती हवी आहे, त्यांनी सुरुवातीचे तीन प्रश्न वगळले तरी चालेल.

या वयात मला काय शोभेल?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे सरळ उत्तर आम्ही देत नाही. पुढच्या खेपेला घरून तीन कपडे घेऊन या, एवढेच सांगतो. ते भारी असण्याची गरज नाही. गेल्या वर्षभरात जे सर्वांत जास्त वेळा अंगावर चढले, धुऊन वाळले की कपाटात जाण्याआधीच पुन्हा हाताशी आले, असे तीन कपडे हवेत. ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले की आणणारीची आवड तिच्याही नकळत समोर येते. कधी तिन्हींचा गळा बंद असतो, कधी तिन्हींना बारीक काठ असतो, कधी रंग वेगवेगळे असूनही कापड एकाच जातीचे, हाताला किंचित खरखरीत लागणारे असते. एका निवृत्त शिक्षिकेने आणलेल्या तिन्ही कुर्त्यांना खिसा होता आणि त्यांतला एक तर त्यांनी स्वतः नंतर हाताने जोडलेला होता. तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कुर्त्याला आम्ही दोन खोल खिसे ठेवतो, एक मोबाइलच्या मापाचा आणि एक चष्म्याच्या घराचा, आणि खिशांच्या तोंडाला वेगळ्या रंगाची पट्टी लावतो. आता त्या पट्टीवरून त्यांच्या मैत्रिणी त्यांना लांबून ओळखतात.

कपड्यांतून माणूस दिसतो तो अशा पुन्हा पुन्हा केलेल्या एखाद्या निवडीतून, असे आमचे मत आहे. दर सणाला नवी टूम आणणाऱ्या स्त्रीचे कपडे लक्षात राहतात, ती राहत नाही. अर्थात टूम म्हणजे वाईट असेही नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या साड्या आणि घातलेले दागिने पाहून त्या काळच्या घराघरांतल्या स्त्रियांनी आपले नेसणे बदलले, म्हणजे एका पुरुष नटाकडून बायकांनी साडी नेसायचे वळण उचलले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

वय वाढले की फिके रंग वापरावेत, हे खरे आहे का?

हा संकेत आहे, नियम नाही, आणि डोळ्यांनी पाहिले तर अनेकदा उलटच अनुभव येतो. केस पांढरे झाले की चेहऱ्याभोवतीची गडद चौकट जाते. अशा वेळी बिस्किटी, राखी किंवा मळकट पिवळा रंग गळ्याशी आला तर चेहरा थकलेला दिसू लागतो, तर वांगी, मोरपंखी, अंजिरी, मेंदी किंवा कुंकवाचा लाल याच चेहऱ्याला उठाव देतात. ज्यांना फिकाच रंग प्रिय आहे, त्यांनी तो जरूर वापरावा, पण गळ्याशी एखादी गडद पट्टी किंवा ओढणी ठेवून पाहावी. कापड नेहमी दिवसाउजेडी, दुकानाच्या दारापर्यंत आणून पाहावे. आतल्या दिव्यांखाली घेतलेला रंग घरी गेल्यावर दुसराच निघतो, हा लक्ष्मी रस्त्यावर खरेदी केलेल्या प्रत्येकीचा अनुभव आहे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मोतीबिंदू वाढत असताना डोळ्यांतले भिंग पिवळसर होते आणि त्यामुळे निळ्या-जांभळ्या छटा मंद दिसतात, गडद निळा आणि काळा यांत फरक कळत नाही. शस्त्रक्रियेनंतर तेच रंग एकदम उजळ दिसतात. म्हणून शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भारी साडीचा किंवा कापडाचा रंग त्यानंतरच निवडावा, असा आमचा सल्ला असतो.

पतीच्या निधनानंतर रंगीत कपडे घालावेत का, असे विचारायलाही संकोच वाटतो.

हा प्रश्न बहुतेक वेळा दुसरे ग्राहक निघून गेल्यावर, हळू आवाजात विचारला जातो. आमचे उत्तर स्पष्ट आहे: जे रंग आपल्याला आधी आवडत होते, ते आजही आपलेच आहेत. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. शहरात राहणाऱ्यांनी एका गावाच्या मागे राहण्याचे काही कारण नाही. मात्र कोणी स्वतःच्या मनाने पांढरे किंवा फिके कपडे पसंत करत असेल, तर त्यांना रंगीत कपड्यांचा आग्रह करणे हीसुद्धा जबरदस्तीच आहे, आणि आम्ही ती करत नाही.

मापाचा जुना ब्लाउज किंवा कुर्ता दिला तर चालेल का?

दहा वर्षांपूर्वीचा असेल तर चालणार नाही. अनेकींना वाटते की फरक फक्त घेराचा पडतो, म्हणून त्या "दोन इंच सैल करा" असे सांगून निघतात, आणि मग सैल कपडाही अंगावर नीट बसत नाही म्हणून हिरमुसतात. वयाबरोबर शरीराचा घेर वाढतो त्यापेक्षा त्याचा आकार जास्त बदलतो. पाठीला वरच्या बाजूस किंचित बाक येतो, खांदे पुढे येतात, छातीचा उभार खाली सरकतो, कंबर आणि पोट यांतला फरक कमी होतो, आणि दंड भरतात पण मनगट तसेच राहते. जुन्या मापाने शिवलेला कुर्ता अशा शरीरावर मागे ओढला जातो. पुढचा गळा घशाशी लागतो, मागची किनार वर उचललेली दिसते, आणि घालणारी दिवसभर तो पुढे ओढत राहते.

यावरचे उपाय सोपे आहेत, पण ते कापण्याच्या आधी करावे लागतात. मागच्या भागाची उंची पुढच्यापेक्षा अर्धा ते एक इंच जास्त ठेवावी, खांद्याची शिवण अर्धा इंच पुढे घ्यावी, टक्स आताच्या उभाराप्रमाणे खाली आणावेत, आणि बाही केवळ घेराने न वाढवता मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडण्यासाठी कापलेल्या जागेचा, आकार बदलावा. मुंढा खोल कापला की हात वर करणे सोपे होईल असा समज आहे, तो चुकीचा आहे. खोल मुंढ्यामुळे हात वर करताच सगळा कुर्ता बरोबर वर येतो. उलट मुंढा काखेच्या जवळ ठेवून काखेत एक चौकोनी तुकडा घातला तर हात मोकळा फिरतो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. जुन्या अंगरख्यांत हाच तुकडा चौबगला या नावाने असे, त्यामुळे यात आमचे काही नवे नाही.

माप देताना रोज वापरात असलेलीच अंतर्वस्त्रे घालून यावे. शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक इंच कापड दाबून ठेवायला सांगावे. वजन वर्षभरात थोडेफार इकडे-तिकडे होते आणि तेवढ्यासाठी कपडा टाकून देणे परवडत नाही.

खांदा वर जात नाही, बोटांनी हूक लावता येत नाहीत. साडी-ब्लाउज सोडून द्यावा लागेल का?

नाही. खांदा आखडलेला असेल तर डोक्यावरून घालायचे सगळे कपडे काही काळ बाजूला ठेवावेत आणि पुढून पूर्ण उघडणारे कुर्ते व ब्लाउज शिवून घ्यावेत. मागचे हूक असलेले ब्लाउज आम्ही पुढून उघडणारे करून देतो. पुढचा गळा पट्टीला पुरेल एवढा असला की झाले. बोटांच्या सांध्यांना सूज असेल तर लहान हुकांऐवजी मोठी, सपाट बटणे किंवा चिकटपट्टी (वेल्क्रो) लावता येते, आणि वर नुसती शोभेची बटणे ठेवली तर बाहेरून काही कळत नाही. चुंबकी बटणेही मिळतात आणि ती लावायला फारच सोपी असतात. परंतु ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांच्या कपड्यांना आम्ही ती कधीही लावत नाही, कारण चुंबक पेसमेकरपासून निदान सहा इंच दूर असावा लागतो आणि ब्लाउजची बटणे नेमकी छातीवर येतात.

आखडलेला हात बाहीत आधी घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. एवढे एक लक्षात ठेवले तरी निम्मा त्रास कमी होतो.

परकराच्या नाडीचे वळ पडतात. ते तर सगळ्यांनाच पडतात ना?

पडतात, म्हणूनच कोणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. साडी सुटू नये म्हणून नाडी करकचून बांधण्याची सवय लागलेली असते, तीही वर्षानुवर्षे एकाच जागी. त्या जागेची त्वचा काळी पडते, खाजते, सोलवटते आणि उन्हाळ्यात घामाने चिघळते. क्वचित प्रसंगी अशा जुन्या, न भरणाऱ्या जखमेचा पुढे त्वचेचा कर्करोग झाल्याची उदाहरणे भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांतून नोंदवली आहेत. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या एका नियतकालिकात आलेल्या अशा दोन रुग्णांची बरीच चर्चा झाली होती. हे विरळा आहे आणि घाबरवण्यासाठी सांगत नाही, पण कंबरेवरची जखम किंवा चट्टा काही आठवड्यांत भरला नाही, तर त्यावर हळद लावत न बसता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

शिलाईच्या बाजूने करता येण्यासारखे पुष्कळ आहे. बारीक गोल दोरीऐवजी दोन इंच रुंद पट्टी आणि मागे इलॅस्टिक असलेला परकर शिवावा, नाडीची गाठ रोज जागा बदलून बांधावी, आणि घरी असताना परकर सैल ठेवावा किंवा सरळ पायजमा घालावा. साडी टिकून राहते ती निऱ्या नीट खोचल्यामुळे आणि परकराचे कापड सुती असल्यामुळे. सुळसुळीत सॅटिनच्या परकरावर नाडी कितीही घट्ट बांधली तरी साडी घसरणारच.

मध्येच अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. कोणते कापड घ्यावे?

साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात पाळी थांबण्याच्या सुमारास हा त्रास अनेकींना होतो आणि काहींना पुढेही बरीच वर्षे राहतो. फार होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे. कपड्यांनी तो सुसह्य होतो, बरा होत नाही. अंगाला लागणारा थर सुती, मलमलचा किंवा लिननचा असावा. पॉलिएस्टर घाम शोषून घेत नाही, म्हणून तो टाळावा, मग त्याच्यावर "कॉटन फील" असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो. रेयॉन मऊ असते आणि घाम शोषते, पण ओले झाले की जड होऊन अंगाला चिकटते.

आम्ही अशा ग्राहकांना बिनबाह्यांचा पातळ कुर्ता आणि त्यावर पुढून उघडे राहणारे जाकीट अशी जोडी सुचवतो, कारण चारचौघांत जाकीट काढता येते, कुर्ता काढता येत नाही. पुण्याच्या हवेलाही ही जोडी सोयीची पडते. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सवाला दुपारी मांडवात बसलेल्या माणसाला उकडते आणि रात्री परतताना त्याच माणसाला शाल लागते. एप्रिल-मेमध्ये मात्र जाकीट विसरावे. पारा चाळिशीला टेकला की एकच थर, सैल आणि फिका, एवढेच खरे.

इरकल किंवा खणाचा कुर्ता शिवता येईल का? आईच्या जुन्या साड्या कापाव्यात का?

येईल, पण कापड समजून घेऊन. खण गुळेदगुड्डचा असो वा दुसरीकडचा, पारंपरिक मागावरच्या खणाचा पन्हा अरुंद असतो, कारण तो चोळीसाठीच विणलेला असतो. त्यातून अख्खा कुर्ता काढायचा तर पाठीवर आणि पोटावर नको तिथे जोड येतात. त्यापेक्षा खण छातीच्या पट्टीला, बाहीच्या काठाला किंवा जाकिटाला वापरावा आणि बाकीचा कुर्ता साध्या सुती कापडाचा ठेवावा. अख्ख्या खणाचा कुर्ता आता सर्रास दिसतो, पण आमच्या नजरेला तो थोडा गणेशोत्सवाच्या सजावटीसारखा वाटतो. हे आमचे वैयक्तिक मत समजावे.

बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची, म्हणजे आपल्या इरकलची, गोष्ट वेगळी आहे. तिचा पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला वेटोळ्यांनी जोडलेला असतो. हा जोड हातमागाच्या इरकलीचे वैशिष्ट्य आहे आणि तो कापून टाकणे आमच्या जिवावर येते. साडी धडकी असेल तर ती नेसावी. अंग विरले असेल आणि पदर चांगला असेल, तर पदराची ओढणी किंवा जाकिटाची पाठ करावी आणि काठ काढून सुती कुर्त्याला लावावेत. जुने रेशीम कापण्याआधी घडीवर उजेडाकडे धरून पाहावे. घड्यांच्या रेषांवर उजेड आरपार दिसू लागला असेल तर ते शिवण सहन करणार नाही. अशा साडीची गोधडी करावी, किंवा ती तशीच कपाटात राहू द्यावी. प्रत्येक वस्तूचे काहीतरी केलेच पाहिजे असे नाही.

कुर्त्याला किती कापड लागते आणि ते कुठे घ्यावे?

गुडघ्याखालपर्यंतचा, पाऊण बाह्यांचा कुर्ता ४४ इंची पन्ह्यात साधारण अडीच मीटरमध्ये होतो. घेर मोठा हवा असेल किंवा छापील नक्षी एकाच दिशेची असेल तर तीन मीटर घ्यावे. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून मगच आणावे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात थोडे आटतेच, आणि शिवल्यानंतर आटले की दोष शिंप्याला लागतो.

सुटे कापड आणि ड्रेस मटेरियल यांसाठी कुमठेकर रस्ता, साड्यांसाठी लक्ष्मी रस्ता, लेस, बटणे आणि अस्तर यांसाठी रविवार पेठ, आणि पिशवी भरून परत येण्यासाठी तुळशीबाग. मध्यवस्तीतली बरीच दुकाने सोमवारी बंद असतात, हे बाहेरगावहून येणाऱ्या मैत्रिणींना आधी सांगून ठेवावे.

स्कूटरवर साडी किंवा ओढणी वापरणे सुरक्षित आहे का?

पुण्यात हा प्रश्न टाळून कपड्यांविषयी काही बोलताच येत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे या पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक होत्या, आणि त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांच्या तीन पिढ्यांनी दुचाकीवर नोकऱ्या, भाजी आणि नातवंडे वाहिली आहेत. धोका साडीपेक्षा मोकळ्या टोकांचा असतो. पदर पुढून घेऊन कमरेला खोचावा. ओढणी शक्यतो वापरूच नये. हवीच असेल तर ती पिशवीत ठेवून पोहोचल्यावर घ्यावी. मागे बसणारीचे कपडे चाकात अडकू नयेत यासाठी मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारे संरक्षण दुचाकीला असलेच पाहिजे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढून ठेवणाऱ्या मुलांच्या गाडीवर बसू नये.

दुचाकीसाठी कुर्त्याचे बाजूचे चिरे मांडीच्या मध्यापर्यंत ठेवावेत आणि बाही मनगटापर्यंत लांब घ्यावी, म्हणजे वेगळे हातमोजे लागत नाहीत. मेट्रो स्थानकातल्या सरकत्या जिन्यावर मात्र साडी आणि पायघोळ कुर्ता दोन्ही उचलून धरावेत.

पावसाळ्यासाठी काही वेगळे?

पोटरीपर्यंतची सलवार, लवकर वाळणारे पातळ कापड, आणि जाड सुती कपड्यांना तीन महिन्यांची सुट्टी. पांढरी सलवार दसऱ्यापर्यंत कपाटाबाहेर काढू नये.

मुलगी म्हणते, "आई, हे तुला म्हातारं दिसतं"; सासूबाई म्हणतात, "या वयात हे शोभत नाही." कोणाचे ऐकावे?

दोघींना माप घेताना बाहेर बसवावे, असे आम्ही गमतीने म्हणतो, पण ते गमतीपुरतेच नाही. मुलीला आईचे कपडे आवडत नाहीत तेव्हा बहुधा तिची तक्रार रंगाविषयी नसून बसण्याविषयी असते. खांद्यावरून ओघळणारा, पोटावर फुगणारा कपडा कोणालाही थकलेले दाखवतो. त्याच कापडाचा नीट मापाचा कुर्ता घातला की तीच मुलगी गप्प होते. सासूबाईंचा आक्षेप बहुतेक वेळा गळ्याच्या खोलीवर किंवा बाहीवर असतो आणि तेथे तडजोड करता येते, कारण बाही दोन इंच वाढवल्याने कोणाचे व्यक्तिमत्त्व हरवत नाही. परंतु जो कपडा घालून आपण आरशासमोरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा हात आपोआप खाली राहिले, काही ओढावेसे किंवा झाकावेसे वाटले नाही, त्याच्याविषयी कोणाचेच ऐकू नये.

शिवायला किती आधी द्यावे आणि येताना काय आणावे?

एरवी तीन आठवडे पुरतात. गणपतीच्या आधी महिनाभर द्यावे, आणि दिवाळीचे कपडे नवरात्र बसण्यापूर्वी. त्यानंतर आम्ही नवे काम घेत नाही, फक्त पिको-फॉल आणि दुरुस्ती करतो. येताना ज्या चपला किंवा बूट त्या कपड्यावर घालणार आहात तेच घालून यावे, कारण गुडघेदुखीमुळे टाच बदललेली असते आणि सलवारीची उंची त्यावर ठरते. वाचायचा चष्मा आणावा, म्हणजे कापडाचे नमुने जवळून पाहता येतील. पहिला कुर्ता नेहमी एकच शिवावा, तो दोन वेळा धुऊन, दिवसभर घालून, त्यात भाजी चिरून आणि जिना चढून पाहावा, आणि कुठे काचते ते खडूने खूण करून आणावे. उरलेले कापड आम्ही त्यानंतरच कापतो.